फडक्याखालची बाकी

९ जानेवारी

शेडमधलं मशीन आज सकाळी थांबलं. संख्या मूळ नाही.

एवढं लिहून डायरी मिटली होती. चहा घेऊन पुन्हा उघडली. अल्विन असता तर म्हणाला असता, “पायऱ्या दाखव, थेल्मा. नुसत्या उत्तराला गुण नाहीत.” हे वाक्य माझंच. सगळी नोकरी नववीच्या पोरांना ऐकवलं, आणि घरी नवरा ते माझ्यावर उलटवायचा.

तर पायऱ्या. आमचं लग्न १९७७ चं. अल्विनने ते साल घेतलं, दोनाच्या एका राक्षसी घाताने गुणलं आणि वर एक मिळवला. चाळीस लाखांच्या आसपास आकडे असलेली संख्या झाली. १९७७ ला तीनने भाग जातो, म्हणून वर एक मिळवल्यावर या संख्येला तीनने कधीच भाग जाणार नाही. “बघ, आपलं लग्न निदान तीनच्या तावडीतून तरी सुटलं,” तो म्हणायचा. बाकीचे लहान विभाजकही त्याने महिनोन्‌महिने चाळून पाहिले, एकही लागला नाही. त्याला खात्री होती की हिला कशानेच भाग जात नाही, ही मूळ आहे. मग खरी चाचणी सुरू करायची आणि हॉस्पिटलात भरती व्हायचं एकाच आठवड्यात आलं.

दोन वर्षं मला त्या शेडचं दार उघडवलं नाही. नाताळाच्या आधी उघडलं आणि मशीन, त्याचा जुना कॉम्प्युटर, सुरू केलं. त्याने लावून ठेवलं होतं तसंच, त्याच्याच प्रोग्रामवर, कशालाही हात न लावता. मूळ संख्या शोधणाऱ्या आमच्या मंडळाच्या यादीत ते मशीन अजून अल्विनच्या नावावर आहे. त्यावर मूळ संख्या सापडली असती तर जगाच्या यादीत त्याचं नाव लागलं असतं. मला आता दुसरं काही नको होतं.

बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे, आमच्या दक्षिण गोलार्धातला ऐन उन्हाळा. शेडमधलं मोजलं नाही. अल्विनचा कूलर चालू आहे, म्हणजे घरघर येते आहे, वारा येत नाही. मी तिथेच खुर्चीवर बसून रडले आणि मग पत्रा इतका तापला की बाहेर यावं लागलं.

२९ जानेवारी

काल महिन्याचा शेवटचा बुधवार, संख्यामंडळाची बैठक. हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्यांच्या लॉन बोल्स क्लबच्या मागच्या खोलीत आम्ही सातआठ म्हातारे जमतो. पुढच्या हॉलमधल्या मंडळींना वाटतं आम्ही पत्ते खेळतो.

आमची तपासायची रीत जुनी आहे. चाचणीत एक लहान संख्या घेऊन तिचा तिच्याशीच गुणाकार करत राहायचं आणि दर वेळी आपल्या मोठ्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची. असं कोटीच्या वर वेळा. संख्या मूळ असेल तर शेवटी बाकी बरोबर उणे एक येते. नसेल तर नुसता कचरा उरतो, चाळीस लाख आकड्यांचा. पण कचरा असला तरी प्रत्येक प्रामाणिक मशीनवर तो तसाच्या तसा उरतो. म्हणून पहिल्याचं झालं की दुसरा कोणीतरी तपासनीस म्हणून तीच संख्या आपल्या मशीनवर चालवतो. बैठकीत फळ्यावर कार्मेलाचं चहाचं फडकं टांगतात. तपासनीस त्याखाली आपल्या बाकीचे शेवटचे आकडे लिहितो, पहिला माणूस बाहेर आपले लिहितो, मग फडकं काढतात. जुळले की टाळ्या आणि बिस्किटं. कोणी कोणाचं पाहून लिहू नये म्हणून फडकं. हा नियम मीच आणला, शाळेतून.

तपासनीस लेस्टर. औषधांचं दुकान विकून निवृत्त झालेला, अल्विनचा चाळीस वर्षांचा मित्र. त्याच्या मशीनची एकही बाकी आजवर चुकलेली नाही.

लेस्टरने फडक्याखाली हात घातला आणि तसाच उभा राहिला.

“अरे, लिही की,” कार्मेला म्हणाली. कार्मेलाची संत्र्यांची बाग आहे, मंडळाची यादी तीच सांभाळते. “शेवटचेच लिही, सगळे चाळीस लाख नकोत. मला घरी जाऊन स्वयंपाक आहे.”

लेस्टरने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मार्करला टोपण लावून म्हणाला, “माझं मशीन मध्येच बंद पडलं. पुन्हा चालवावं लागेल.”

“परवा पोस्टात भेटलास तेव्हा तर झालं म्हणालास,” मी म्हटलं.

“झालं असं वाटलं होतं.”

“वाटलं होतं? औषधंही अशीच द्यायचास का, वाटलं म्हणून?”

सगळे हसले. तो हसला नाही. निघताना गाडीपाशी येऊन हळूच म्हणाला, “थेल्मा, तूच एकदा पुन्हा चालवून बघ ना. जरा गारवा पडला की.”

पहिल्याने पुन्हा चालवायचं नसतं, त्यासाठीच तर तपासनीस असतो. हे त्याला माहीत नाही? मला त्याचं ते पाहणं आवडलं नाही. वर्गात एखादं पोर असं पाहायला लागलं की मी त्याचं दप्तर उघडायला सांगायची.

२ फेब्रुवारी

लेस्टर झुकिनी घेऊन आला. या दिवसांत प्रत्येकाच्या वाफ्यात झुकिनी उतू जाते, तेव्हा ती घेऊन दारात येणाऱ्या माणसावर तसाही विश्वास ठेवू नये, पण याच्या पिशवीत झुकिनीखाली एक पेन ड्राइव्हही होता.

“नवा प्रोग्राम आहे,” म्हणाला. “चालता चालता स्वतःची चूक स्वतःच पकडतो. अल्विनचा जुना पकडत नाही.”

“मला स्वतःवर संशय घेणारा प्रोग्राम नको. संशय घ्यायला मी आहे.”

“शेडमध्ये तापमान किती असतं गं?”

“का?”

“सहज.”

“सहज कोणी शेडचं तापमान विचारत नाही, लेस्टर.”

मग म्हणाला, मशीन बघू का. मी म्हटलं, नाही. त्या मशीनमध्ये माझी बाकी आहे, आणि तपासनिसाने ती पाहायची नसते. तो कान लाल करून उभा राहिला, चहाही न घेता गेला. झुकिनी किसून टाकल्या. पेन ड्राइव्ह ड्रॉवरमध्ये आहे.

७ फेब्रुवारी

आता लिहितेच, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

सकाळी बेकरीत लेस्टर म्हणाला, पुन्हा लावलंय, निम्मं झालं. दुपारी मी त्याच्या रस्त्यावरून गेले. (तो रस्ता माझ्या वाटेवर नाही. गेले.) त्याच्या पुढच्या खोलीची काच उघडी होती. मशीन बंद. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, मशीनवर टोपी ठेवलेली. आणि हा कोचावर पाय ताणून क्रिकेट बघतोय.

म्हणजे खोटं बोलतोय. इतकं तर सिद्ध झालं.

पण का? एक शक्यता अशी, की त्याने संख्या कधी चालवलीच नाही, आळस केला, आणि आता सांगायची लाज वाटते. दुसरी अशी, की माझी बाकी चोरून पाहायची आणि आपली म्हणून फडक्याखाली लिहायची. झुकिनी, तापमान, मशीन बघू का, सगळं या दुसरीत बसतं. तिसरी शक्यता मला सुचत नाही.

अल्विन गेला तेव्हा दवाखान्याच्या बाकावर रात्रभर हाच माणूस माझ्याशेजारी बसला होता. म्हणून जास्त राग येतो. परक्याने फसवलं तर निदान चारचौघांत हसून सोडता तरी येतं.

१५ फेब्रुवारी

पकडला.

लायब्ररीतून तासभर आधी परतले तर शेडचं दार उघडं. कुंडीखालची किल्ली कुठे असते ते त्याला अल्विनच्या वेळेपासून माहीत. आत लेस्टर, बाह्या वर करून, मशीनचं झाकण काढलेलं आणि हातात अल्विनचा रंगाचा ब्रश. जमिनीवर धुळीचे बोळे. कूलरच्या जाळ्या काढून त्याने हिरवळीवर आणून टाकल्या होत्या, क्षाराने पांढऱ्याफटक झालेल्या.

मी हातातली पुस्तकं तिथेच टाकली. मग तोंड सुटलं ते थांबेना.

“त्या जाळ्या त्याने बसवल्या होत्या! त्याच्या हाताने! तुला कोणी सांगितलं काढायला?”

“थेल्मा, त्यातून वारा जातच नाही. मशीनला बाहेरून हात लावला तरी भाजतंय—”

“माझी बाकी पाहिलीस?”

“स्क्रीन लावलेलासुद्धा नाही मी. बघ.”

“मी यायच्या आत बंद केला असशील.”

त्याने ब्रश खाली ठेवला. खिशातून रुमाल काढून एकेक बोट पुसलं, दुकानात पुसायचा तसंच. “एकदाच चालव गं पुन्हा,” म्हणाला. “एवढं एक कर. मग मला काय म्हणायचं ते म्हण.”

“ते मी आत्ताच म्हणते,” मी म्हटलं, आणि म्हटलं. ते इथे लिहीत नाही. किल्ली काढून घेतली. जाळ्या मी होत्या तशा परत लावल्या, एक तुटली.

२६ फेब्रुवारी

कालच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. पोस्टातलं बोलणं, बंद मशीन, शेड. आवाज चढला असेल. पुढच्या हॉलमधले दोघेजण दारातून डोकावून गेले.

“लेस्टर, काही बोल रे बाबा,” कार्मेला म्हणाली. “चालवलीस की नाही ती संख्या?”

लेस्टरने चहाचा कप खाली ठेवला.

“चालवली असशील तर बाकी लिही आणि मिटव हे. नसशील तर नाही म्हण. कोणी फाशी देत नाही.”

“माझ्याकडे लिहायला काही नाही,” तो म्हणाला.

“चोराकडे नसतंच,” मी म्हटलं.

तो उठला, फळ्यावरचं फडकं काढून घडी घातली, कार्मेलाच्या हातात दिलं आणि गेला. कपात अर्धा चहा तसाच.

मला वाटलं होतं मला बरं वाटेल. कार्मेला माझ्याशी रागाने बोलली. “सिद्ध केल्याशिवाय माणसाला असलं म्हणायला ही काय तुझी शाळा आहे? तुझी बाकी खरी, त्याच्याकडे काही नाही, असं तुझं म्हणणं ना? मग पुन्हा चालव. नीट, गार जागेत, कोणाला बोट ठेवता येणार नाही अशी. तीच बाकी पुन्हा आली तर मी स्वतः त्याचं नाव यादीतून काढते. माझं मशीन इस्टरपर्यंत दुसऱ्या संख्येत अडकलंय, नाहीतर मीच चालवली असती.”

ठीक आहे. लेस्टरने मागितलं तेच करायचं, पण त्याला खोटं पाडायला.

११ मार्च

उत्तरेकडून धुळीचं वादळ. भरदुपारी दिवे लावले. मशीन सुरू करण्यात अर्थ नाही.

२० मार्च

लेस्टरने आपलं मशीन विकलं, असं बेकरीत कळलं. वेंटवर्थ गावच्या कोणाला तरी, डिस्क पुसून. अपराध करणारे माल असाच हलवतात.

घरी येऊन फोनकडे बघत बसले. पूर्वी गुरुवारी तो फोन करायचा, शब्दकोड्यातल्या अडलेल्या जागा विचारायला. त्याला त्या येत असायच्या असा मला नेहमी संशय होता.

५ एप्रिल

उन्हाळा संपला, सकाळी पहिल्यांदा कपाटातून स्वेटर काढून घातला. आज मशीन शेडमधून स्वयंपाकघरात आणलं.

सोपं गेलं नाही. प्रत्येक वायरीला अल्विनने चिकटपट्टी लावून नाव लिहिलं होतं: ‘पडदा’, ‘वीज’, आणि एका वायरीवर ‘ही कसली देव जाणे’. तिथे माझा धीर सुटला. एकेक काढताना वाटत होतं आपण त्याला तिथून उठवतोय. दोन वर्षं मी ती शेड जपली, त्यातलं काही हललं नाही म्हणजे काही झालं नाही असं समजून. आता ते टेबलावर, ब्रेडच्या डब्याशेजारी बसलंय. लहान दिसतं.

कोणाला बोट ठेवता येऊ नये म्हणून लेस्टरचाच प्रोग्राम घातला. त्याच्याच हत्याराने त्याला पाडायचं.

इथे एक गंमत लिहून ठेवते. आत धुळीचा कणही नाही. त्या दिवशी त्याने खरंच सगळं साफ केलं होतं.

२१ एप्रिल

उणे एक.

२२ एप्रिल

काल एवढंच लिहिता आलं. नंतर स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने “अल्विन!” अशी हाक मारली. शेजारच्यांचा कुत्रा भुंकला.

मूळ आहे. चाळीस लाख आकड्यांची संख्या, आणि तिला एक आणि ती स्वतः सोडून जगातल्या कशानेच भाग जात नाही. आमच्या लग्नाचं साल तिच्या पोटात आहे. आणि सापडली अल्विनच्या मशीनवर.

मग, माझा स्वभाव आहे तो असा, पहाटेपर्यंत एकच विचार: लेस्टरने त्या मशीनला हात लावला होता. प्रोग्रामही त्याचाच. कशावरून त्याने त्यात काही घुसवून ठेवलं नाही, शेवटी पडद्यावर नुसतं उणे एक यावं म्हणून? मला आनंदाने नाचवायचं आणि मग सगळ्यांत तोंडघशी पाडायचं?

सकाळी आठला कार्मेलाला फोन केला.

“अगं, अभिनंदन म्हणू का काय म्हणू?” ती म्हणाली.

“अजून काही म्हणू नकोस. तुझं मशीन सुटलं ना? तुझ्या मशीनवर, तुझ्या प्रोग्रामने तपास. आणि दार बंद ठेव.”

“दार बंद ठेवून गणित वेगळं येतं का, बाई?”

८ मे

कार्मेलाचा फोन. तिच्याही मशीनवर उणे एक. संख्या मूळ आहे, आता शंका नाही. अल्विनचं नाव यादीत जातंय. जगाच्या यादीत.

मी फोनवर रडले, ती तिकडे रडली, मग तिने विचारलं केक कोणता करणार. ज्याला संख्या सापडली त्याने केक आणायचा आणि पहिला तुकडा तपासनिसाचा, ही रीत, तीही मीच घातलेली. तिला पॅशनफ्रूटचा स्पंज हवाय.

९ मे

झोप नाही. पायऱ्या मांडते.

एक. संख्या मूळ आहे. म्हणजे जानेवारीत मला मिळालेला कचरा चुकीचा होता. शेड भट्टी झाली होती, कूलर मेलेला होता, मशीनचा कुठेतरी एक हातचा चुकला आणि पुढचं सगळं बिघडलं. चुकीने कचरा येतो. चुकीने उणे एक येत नाही. ही चूक माझी, मशीनला बोल लावण्यात अर्थ नाही.

दोन. लेस्टरचा प्रोग्राम चूक पकडतो. त्याचं मशीन कधी चुकलं नाही.

तीन. पोस्टात तो “झालं” म्हणाला होता. तेव्हा त्याला खोटं बोलायचं काहीच कारण नव्हतं. मीच तर त्याला सांगितलं होतं की माझी आली, मूळ नाही. म्हणजे कचऱ्याशी कचरा जुळवायचा होता फक्त.

चार. फडक्याखाली हात घालून त्याने माझ्याकडे पाहिलं.

जर त्याच्या मशीनवर कचरा आला असता, तर त्याने लिहिला असता. मूळ संख्येला प्रामाणिक मशीनवर कचरा येतच नाही. म्हणजे त्याच्याकडे लिहायला एकच गोष्ट होती. आणि ती त्याने लिहिली असती, तर नियमाप्रमाणे, ज्या मशीनने उणे एक आधी पाहिलं त्याच्या मालकाचं नाव यादीत. अल्विनचं नाही, लेस्टरचं.

“एकदा पुन्हा चालवून बघ ना. जरा गारवा पडला की.”

फेब्रुवारीत मी लिहिलं होतं की तिसरी शक्यता मला सुचत नाही. आत्ता ते पान उघडून पाहिलं आणि लगेच मिटलं.

१० मे

सकाळी त्याच्याकडे गेले. तो वाफ्यातली टोमॅटोची वाळकी झाडं उपटत होता. मला पाहून ताठ उभा राहिला, पोरं उभी राहायची तसा.

“ऐकलं,” म्हणाला. “छान झालं. अल्विन डोक्यावर बसला असता आपल्या.”

“जानेवारीत तुला काय दिसलं?”

“कशात?”

“लेस्टर.”

“कचरा,” तो म्हणाला.

“शेवटचे आकडे सांग.”

“विसरलो.”

“तू दुकानातली सगळी गिऱ्हाइकं गोळ्यांसकट पाठ म्हणायचास. मूळ संख्येला कचरा येत नाही. तुला उणे एक दिसलं होतं.”

“सिद्ध कर.”

मशीन विकलेलं, डिस्क पुसलेली. त्यासाठीच विकलं होतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मशीन असतं तर कोणीतरी बाकी मागितली असती.

“मी सगळ्यांना सांगणार बैठकीत,” मी म्हटलं.

“सांग की. मी म्हणेन, थेल्माला उन्हाळा बाधला. लगेच पटेल सगळ्यांना.”

“असं का केलंस?”

त्याने हातातलं झाड बादलीत टाकलं. “शेवटच्या आठवड्यात मला म्हणाला होता, ही मूळ निघाली तर थेल्माला आधी कळू दे. आता तुझ्या मशीनने नाही म्हटल्यावर मी काय करायचं? मला वाटलं दोन आठवड्यांचं काम, तू पुन्हा चालवशील. तू इतकी हट्टी असशील असं वाटलं नव्हतं. खोटं आहे. वाटलं होतं.”

“मला सरळ सांगायचंस.”

“सांगितलं असतं तर तू नियमाप्रमाणे माझं नाव घातलं असतंस. आणि मला जन्मात माफ केलं नसतंस.”

नसतं केलं. दोन्ही खरं आहे.

“मी तुला चोर म्हटलं. सगळ्यांसमोर.”

“हो,” तो म्हणाला. “फार मोठ्याने.”

मी त्याच्या पायरीवर बसले आणि रडले, आणि तो रुमाल शोधत राहिला आणि शेवटी टोमॅटोच्या मातीचाच दिला. सगळ्या आयुष्यात मी कोणाला दयेचा अर्धा गुण दिला नाही. आणि मला मात्र कोणीतरी पूर्ण पेपर लिहून हातात दिला होता, वर माझ्याकडून शिव्या खाल्ल्या होत्या. मी नाव बदलायला सांगणार होते. खरंच सांगणार होते. मग यादीतलं ‘अल्विन’ डोळ्यांपुढे आलं आणि माझ्याने होईना. हे मी इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठेही लिहिणार नाही.

“बैठकीला ये,” निघताना म्हटलं.

“चोर चालतो का तुमच्यात?”

“मूर्खपणा करू नकोस. ये.”

२८ मे

काल बैठक. खोली भरलेली. लेस्टर दाराजवळच्या खुर्चीवर, कधीही उठून जाता येईल असा बसलेला.

मी उभी राहिले आणि म्हटलं की फेब्रुवारीत मी लेस्टरला जे बोलले ते साफ चुकीचं होतं आणि मी माफी मागते.

“त्याने संख्या चालवली होती म्हणजे?” मागून कोणीतरी विचारलं.

“मी माफी मागितली आहे,” मी म्हटलं. “प्रश्न विचारायला सांगितलेलं नाही.”

लेस्टर आपल्या बुटांकडे बघत होता. कार्मेलाने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मग तिने यादीतली नोंद वाचली, अल्विनचं पूर्ण नाव, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या हॉलमधल्या मंडळींनीही वाजवल्या, कशासाठी ते न कळता.

मी केक कापला. पहिला तुकडा तपासनिसाचा, म्हणून कार्मेलाने बशी पुढे केली. मी तुकडा उचलला, टेबलाला वळसा घालून दारापर्यंत गेले आणि लेस्टरच्या बशीत ठेवला.

“अगं थेल्मा, पहिला तपासनिसाचा,” कार्मेला म्हणाली. “नियम तुझाच आहे.”

“माहीत आहे मला,” मी म्हटलं.

कार्मेलाने हळूच बशी मागे घेतली. लेस्टरने काटा घेतलाच नाही. हाताने उचलून घास घेतला, बराच वेळ चावत राहिला.

“स्पंज जरा कोरडा झालाय,” म्हणाला.

झाला होताच.